छाट

“आपका संशोधन कैसा चल रहा है?” मी विचारलं, आणि त्या मुलीचे डोळे भरून आले.

लाल फायलीत एकशे चाळीस पानं घेऊन ती आमच्या व्हरांड्यात उभी होती. पावसाळा नुकता सरला होता, जास्वंदीखालची माती अजून ओली होती आणि तिच्या चपलांचा चिखल पायपुसण्यावर उमटला होता. “फिर से संशोधन, मैम? छह बार तो हो चुका है.” मी तिच्याकडं बघतच राहिले. मग चूक कळली. चाळीस वर्षं जबलपुरात काढली, भाजी हिंदीत घेतली, भांडणं हिंदीत केली, समाजशास्त्र हिंदीत शिकवून निवृत्तसुद्धा झाले, पण माझी जीभ अजून वर्ध्याचीच आहे. दमली की माहेरी जाते.

मराठीत संशोधन म्हणजे जे ती मुलगी करत होती ते. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. राज्यघटनेत होते ती, आणि गाइडच्या लाल शाईनं प्रबंधात होते ती. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला इथं शोध म्हणतात. आणि आपल्याकडं शोध म्हणजे रेडियमचा लागला तो, किंवा सकाळी निघायच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांचा घेतो तो. एकाच लिपीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या या दोन बहिणींनी एकमेकींची भांडी अशी बदलून टाकली आहेत, की डाळ समजून झाकण काढावं तर आत ताक.

साक्षात्काराचं तर विचारूच नका. हिंदीत साक्षात्कार म्हणजे मुलाखत. शोधपद्धतीच्या प्रत्येक पुस्तकात ‘साक्षात्कार अनुसूची’ नावाचं प्रकरण असतं. कोणते प्रश्न, कोणत्या क्रमानं, त्याचा तक्ता. नवी नवी शिकवायला लागले तेव्हा एका विद्यार्थ्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, “मैम, तीन सौ साक्षात्कार पूरे हो गए.” आमच्या संतांची उभी हयात एकाची वाट बघण्यात गेली, हा पठ्ठ्या दिवाळीच्या सुट्टीत तीनशे उरकून आला होता. आणि ‘समस्या और समाधान’! हिंदीला समाधान हवं तर आधी समस्या सुटावी लागते. मराठी माणूस समस्या तशीच ठेवून समाधानात राहू शकतो.

तर ती मुलगी. तिला मी आत बोलावलं, पाणी दिलं, शब्दांचा घोळ समजावून सांगितला. ती हसली नाही. फाइल मांडीवर ठेवून म्हणाली, “मतलब आपके यहाँ सुधारने को ही शोध कहते हैं?” मी म्हटलं, तसं नाही गं. मग वाटलं, थोडं तसंही असेल. आणि तो विषय तिथंच राहिला.

नेपियर टाउनमधल्या आमच्या घरात माझे सासरे राहायला आले ते गन कॅरिज फॅक्टरीतल्या नोकरीमुळं. १९०४ पासूनची ती फॅक्टरी. तिच्या भोंग्यावर या शहराच्या दोन-तीन पिढ्या जेवल्या. जबलपुरात मराठी माणूस मात्र त्याच्या फार आधीपासून आहे. सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख गोंडांकडून घेतला, मग तो नागपूरकर भोसल्यांकडं गेला, १८१७ नंतर इंग्रजांकडं. पुढं मध्यप्रांताचा कारभार नागपुरातून चालायचा, त्यामुळं कारकून, मास्तर, वकील, फॅक्टरीवाले येत राहिले. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर मुंबईच्या बाजूला गेलं, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला आणि हायकोर्ट जबलपूरला. राजधानी हुकल्याचं दुःख जबलपूरकर अजून चहाबरोबर काढतात. आम्ही मराठी मंडळी त्या रेषेच्या अलीकडं राहून गेलो, एवढंच.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात रस्त्यावर मागून हाक आली, “काय!” मी चटकन वळले. वाटलं, कुणीतरी आपलं. तर एक पोरगा दुसऱ्याला हाक मारत होता, “काय बड्डे!” बड्डे म्हणजे मोठा भाऊ, आणि काय हे इथलं बुंदेली काय. ‘का रे’, ‘का बरं’, ‘ऐकलंस का’, सगळं त्यात. मराठीचं काय उत्तर मागतं, जबलपूरचं काय नुसतं माणसाला वळवतं. पुढं मुलांना प्रश्नावली करायला शिकवताना हे मला फार उपयोगी पडलं. उत्तर मागायच्या आधी माणूस आपल्याकडं वळला आहे का, ते बघावं.

निवृत्तीनंतर मी शिकवणी सुरू केली असं म्हणता येणार नाही. ती सुरू झाली. एका भाचीच्या मैत्रिणीचा लघुशोध प्रबंध बघितला, तिनं दुसरीला सांगितलं. आता आठवड्याचे चार दिवस संध्याकाळी व्हरांड्यात कुणी ना कुणी असतं. फी घेत नाही. हिवाळ्यात मटार येतात. जबलपूरचा मटार ज्यानं खाल्ला नाही त्याला मी फी म्हणजे काय ते समजावू शकणार नाही.

येतात कोण? आईबापांच्या घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली मुलं. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, दमोह. घरात बुंदेली किंवा गोंडी, शाळेत हिंदी, आणि संदर्भग्रंथ सगळे इंग्रजीत. यांना सांगायचं, जागतिक ज्ञानात भर घाला. मुलं बिचारी घालतात.

भर कशी पडते ते एकदा बघाच. प्रबंध मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर असो की वृद्धाश्रमावर, पहिलं वाक्य ठरलेलं: भारत कृषिप्रधान देश आहे. दुसऱ्या परिच्छेदात अरस्तू येऊन मनुष्य सामाजिक प्राणी असल्याचं सांगून जातो. मग ऑगस्ट कोंत. मग तीनशे उत्तरदाते. तीनशेच का? “सर ने कहा.” मग चाळीस तक्ते, प्रत्येक तक्त्याखाली तोच तक्ता वाक्यात. आणि सगळीकडं एकच क्रियापद: पाया गया. असं आढळून आलं. “किसने पाया?” मी विचारते. मुलं गोंधळतात. आपणच गेलो होतो, आपणच उन्हात दारं वाजवली, आपल्यालाच कुत्रं चावलं, हे लिहायचं असतं यावर त्यांचा विश्वास बसत नाही. विज्ञानात मी येत नाही, असं त्यांना कुणीतरी पढवलेलं असतं. मग मी त्यांना सांगते, भेडाघाटला जा, नावेत बसा, नावाड्याचं बोलणं ऐका. संगमरवराच्या कड्यांमधून नाव नेताना ते लोक जी यमकं जुळवत वर्णन करतात त्यात एकही ‘पाया गया’ नसतं. हा खडक असा दिसतो, कारण मी इथून बघतोय. नाव थोडी पुढं गेली की तो वेगळा. पर्यटक हसतात. मला ते शोधपद्धतीचं चोख व्याख्यान वाटतं.

टायपिंग हा एक वेगळाच अध्याय आहे. इथल्या टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षं कृतिदेव फाँटचं राज्य होतं. दुकानात सुंदर दिसणारा प्रबंध घरच्या संगणकावर उघडला की सगळा रोमन अक्षरांचा कचरा: स्वल्पविराम, कंस, ठिपके. एका मुलानं रात्री अकराला फोन करून सांगितलं होतं, “मैम, मेरा पूरा तीसरा अध्याय अंग्रेज़ी हो गया.” मी म्हटलं, बाळा, तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं!

आणि २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याचे नियम आले. साम्य दहा टक्क्यांच्या आत असावं. हेतू चांगला होता. पण मुलं ते वेगळंच शिकली. टक्का खाली आणायला ‘महिला’ची ‘नारी’ करायची, नारीची ‘स्त्री’, अगदीच अडलं तर ‘वनिता’. एका प्रबंधात मी वाचलं: कामगार वनितांचे रक्ताल्पत्व. ती मुलगी लबाड नव्हती. दुसऱ्याचं वाक्य उचलू नये हे तिला कळलं होतं. आपलं वाक्य कुठून आणायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

लाल फायलीवाल्या मुलीचा विषय होता बिडी वळणाऱ्या बायका. शीर्षक लांबलचक, सामाजिक-आर्थिक स्थिती, समाजशास्त्रीय अध्ययन, जबलपूर नगराच्या विशेष संदर्भात, वगैरे. मी आधी तक्ते बघते, त्यात माणूस लवकर पकडला जातो. तक्ता क्रमांक सात: ‘आप क्या काम करती हैं?’ तीनशेपैकी निम्म्याहून जास्त बायकांच्या पुढं ‘गृहिणी’. म्हणजे बिडी कामगारांच्या प्रबंधातल्या निम्म्या बाया बिडी कामगार नव्हत्याच.

“हे कसं?”

“उन्होंने यही कहा, मैम.”

“आणि सांगताना त्या काय करत होत्या?”

ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, “बीड़ी बना रही थीं.”

मांडीवर सूप. सुपात तंबाखू, दोरा, कात्री, पत्र्याचा फरमा. समोर प्रश्नावली घेऊन बसलेली मुलगी विचारते, तुम्ही काम करता का? आणि बाई हात न थांबवता म्हणते, नाही, घरीच असते. १९६६ चा बिडी-सिगार कामगारांचा कायदा घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणत होता. राज्यानं तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४ साली आपल्या हातात घेतला, त्याच्या पानापानाचा हिशोब आहे. पण बाईच्या स्वतःच्या बोलीत काम म्हणजे ज्यासाठी उंबरा ओलांडावा लागतो ते. हे तर मसाला कुटणं, पोर पाजणं, बिडी वळणं यातलंच एक.

मी म्हटलं, प्रश्न बदलू. ‘काम करता का’ नको. ‘आज उठल्यापासून काय काय केलंत’ असं विचार. आणि तीनशे राहू दे, पंधराजणींकडं जा, पण दिवसभर बस. ती गेली. तीन आठवड्यांनी आली तेव्हा वही भरली होती, आणि पहिल्यांदाच तिच्या लिखाणात माणसं बोलत होती. एक बाई म्हणाली होती, बिडी काही करावी लागत नाही, ती हाताला लागलेलीच असते. एक म्हणाली, मुलीला नजर लागू नये म्हणून मी तिला लवकर शिकवली नाही, बोटं चांगली असली की घरातले लग्न लांबवतात. एकीनं सट्टेदाराचा, म्हणजे पानं-तंबाखू देऊन बिड्या घेणाऱ्या मधल्या माणसाचा, सगळा हिशोब सांगितला होता: पानं तोलून कमी देतो, बिड्या मोजून पुऱ्या घेतो, आणि वर छाट काढतो. छाट म्हणजे मोजणीच्या वेळी ‘ही वाकडी, ही सैल’ म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्या. त्यांचे पैसे नाहीत. आणि टाकलेली बिडी परतही मिळत नाही. ती कुणीतरी ओढतंच.

त्या दिवशी मी तिला लीलाताई दुबेंबद्दल सांगितलं. मराठी घरातली मुलगी, १९२३ सालची. शेजारच्या सागर विद्यापीठात कितीतरी वर्षं मानववंशशास्त्र शिकवलं. लक्षद्वीपच्या मातृवंशीय मुसलमान समाजावरचं त्यांचं पुस्तक १९६९ चं. पण मला सांगायचं होतं ते त्यांच्या १९८८ च्या लेखाबद्दल. हिंदू घरात मुलीची ‘मुलगी’ कशी घडवली जाते, हे त्यांनी दाखवलं ते कशातून? अंगाईतून, म्हणींतून, व्रतांतून, ताटात आधी कुणाला काय पडतं यातून, पाय जुळवून बस म्हणणाऱ्या आजीच्या आवाजातून. सुमती मुटाटकर त्यांच्या बहीण, गाण्यातल्या. त्या घराचे कानच तयार असणार. मी म्हटलं, बघ, आई जे बोलता बोलता बोलते तेच साधन. तिनं मान हलवली. मग वही मिटून म्हणाली, “सत्रह नंबर वाली मेरी माँ है.”

मी काही बोलले नाही. चहा टाकायला आत गेले.

तीनशेच्या जुन्या यादीत सतरा क्रमांकाच्या उत्तरदात्रीपुढं ‘गृहिणी’ असं होतं. आईनं मुलीला सांगितलेलं, मुलीनं लिहून घेतलेलं. आणि त्या मुलीची फी, ती लाल फाइल, टायपिंगचे पैसे, सगळं त्या सुपातून आलेलं.

आता माझं. तिचं नवं प्रकरण मी तपासलं. चांगलं होतं, पण पसरट. मी माझी लाल शाई काढली आणि हात चालू केला. ‘अनावश्यक’, ‘पुनरुक्ति’, ‘बोलचाल की भाषा’. तासाभरात अकरा पानांची सहा झाली. मला बरं वाटलं. मास्तरीण मेली तरी हात मरत नाही. मुलगी बाजूला बसून बघत होती. अचानक म्हणाली, “आप भी तो छाँट निकालती हैं, मैम.”

उद्धटपणा नव्हता त्यात. जे दिसलं ते बोलली. मी कागदांकडं पाहिलं. बाजूला टाकलेली वाक्यं: बोटं चांगली असली की लग्न लांबतं. हाताला लागलेलीच असते. वाकडी, सैल. आणि खरं सांगायचं तर त्यांतली एक-दोन मी मनात ठेवूनही घेतली होती, कुठं भाषण द्यायची वेळ आली तर वापरायला. सट्टेदारासारखीच.

मी ती वाक्यं परत लावली. सगळी नाही. काही खरंच पुनरुक्ती होती, आणि ती तिलाही मान्य होती. पण त्यानंतर लाल शाई वापरली नाही, पेन्सिल वापरते. खोडता येते.

प्रश्न विचारण्याची या गावाची परंपरा तशी जुनी आहे, आणि फारशी अभिमानाची नाही. १८३० च्या सुमाराला विल्यम स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी इथं बसून ठगांचे जबाब घेत होता. त्यानं त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश केला, ‘रामासीआना’, १८३६ साली कलकत्त्याला छापला; त्यांच्या कुळांच्या वंशावळी काढल्या. माफीच्या साक्षीदारांना प्रश्न विचारून, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघून. आज आमच्या पोरांना जे शिकवतो ते सगळं त्यात आहे: माहितीदार, पडताळणी, नातेसंबंधांचा आलेख, स्थानिक संज्ञा. फक्त एक की उत्तर देणाऱ्याच्या पायात बेडी होती, आणि बरोबर उत्तर दिलं तर फाशी टळणार होती. अशा माणसानं काय सांगितलं असेल? जे विचारणाऱ्याला हवं ते. इतिहासकार त्यावर अजून वाद घालतात. मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, पर मैम, हम तो पुलिस नहीं हैं. मी म्हणते, तुमच्या हातात कागद आहे ना? कागद घेऊन दाराशी आलेल्या माणसाला इथं लोक रेशन, वीजबिल किंवा अतिक्रमणवाला समजतात. म्हणून आधी कागद पिशवीत, आधी ‘काय’.

मंडल्याचा एक मुलगा यायचा. पूर्वी नैनपूरकडून येणारी नॅरोगेज होती तोवर त्या खेळण्यातल्यासारख्या गाडीनं. २०१५ साली ती बंद झाली, मग बसनं. त्याचा विषय बर्गी. पुण्याहून आमचे पाहुणे येतात ते भेडाघाटची नाव आणि धुवाँधार धबधब्याचा फोटो मागतात. हल्ली निम्म्यांना परिक्रमेची पुस्तकं वाचून वैराग्य आलेलं असतं. ‘नर्मदे हर’ सगळे म्हणतात. बर्गी कुणी विचारत नाही. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बांधलेलं हे पहिलं मोठं धरण, १९९० मध्ये पुरं झालं. राणी अवंतीबाईंचं नाव त्या जलाशयाला. आधीच्या हिशोबानं १०१ गावं जाणार होती. पाणी चढलं तेव्हा १६२ गेली. लोकांना वसवायला ज्या जागा दिल्या होत्या त्यातल्याही काही बुडाल्या. मंडला, सिवनी, जबलपूर, लाखभर माणसं. त्यातली कितीतरी या शहरात रिक्षा ओढायला आली.

त्याचे आजोबा त्यांतले. त्यानं प्रबंधात लिहिलं होतं: विस्थापितों की संख्या के विषय में मतभेद पाया जाता है. बस. एक वाक्य. मी विचारलं, १०१ आणि १६२ मध्ये किती? म्हणाला, इकसठ. त्या एकसष्ट गावांत तुमचं होतं का? तो बराच वेळ काही बोलला नाही, नंतर म्हणाला की उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा आजोबा बसनं जातात, बुडितातून वर आलेल्या जमिनीवर उभे राहतात, आणि विहीर कुठं होती ते पायानं दाखवतात. दर वर्षी जागा थोडी सरकते. “इसको तालिका में कहाँ रखूँ?”

मलाही माहीत नव्हतं. शेवटी ते तक्त्यात गेलं नाही; तक्त्याच्या आधीच्या पानावर एका परिच्छेदात गेलं, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही. पण लिहिताना तो घाबरला होता. ‘विवादास्पद’ हा शब्द त्याला कुणीतरी भुतासारखा दाखवून ठेवला होता. त्याला मी मुक्तिबोधांची गोष्ट सांगितली, खरं तर ती धीर देणारी नाही. गजानन माधव, घरात मराठी, लिहिणं हिंदीत; धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषा वाटून घेतल्या. गजानन माधव काही काळ या जबलपुरातही मास्तरकी करत होते. त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकावर १९६२ साली मध्यप्रदेश सरकारनं बंदी घातली. दोनच वर्षांनी ते गेले. मुलानं विचारलं, “तो लिखूँ कि न लिखूँ?” मी म्हटलं, आकडे खरे आहेत, आजोबा खरे आहेत. पुढं तुझं तू बघ. त्यानं लिहिलं.

त्याच्याच मुलखात, वर मैकलच्या डोंगरांत, मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर शामराव हिवाळे राहिले होते, आधी करंजियाला, मग पाटणगढला. एल्विनना जग ओळखतं. हिवाळ्यांना महाराष्ट्रसुद्धा फारसा नाही. १९४६ साली त्यांचं पुस्तक निघालं, वरच्या नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवर. परधान म्हणजे गोंडांचे भाट; बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या घरी जायचं, त्याच्या कुळाची गाथा गायची, दान घ्यायचं. एल्विनना तिथले लोक बडे भाई म्हणायचे आणि शामरावांना छोटे भाई. मला ते नाव फार आवडतं. ज्याला गाव नातं देतं त्याला प्रश्नावली लागत नाही. परधान तरी दुसरं काय करतो? तोही कुणाच्या तरी कुळाचं ऐकून ठेवतो आणि परत त्याच्याच दारात जाऊन ते म्हणतो. चुकलं तर घरातली म्हातारी तिथल्या तिथं सांगते. आमचे प्रबंध मात्र ज्यांच्याबद्दल असतात त्यांच्या दारात कधीच म्हटले जात नाहीत. बांधणी होते, सोनेरी अक्षरं उमटतात, आणि प्रती कपाटात जातात.

बहुतेक म्हणूनच, मौखिकी होऊन लाल फायलीवाल्या मुलीला पदवी मिळाली तेव्हा मी तिच्या घरी जायचं ठरवलं. अधारतालच्या पलीकडची गल्ली, रिक्षा तोंडाशीच सोडावी लागली. बावन्न तालांचं, म्हणजे तळ्यांचं, गाव म्हणतात जबलपूरला. चेरीताल, रानीताल, मढाताल. कितीतरींत आता दुकानं आहेत, पाणी फक्त नावात. अधारतालमध्ये अजून आहे, गल्लीपर्यंत त्याचा वास येत होता. घर दोन खोल्यांचं. आई दारातच बसली होती, उजेडाकडं तोंड करून, मांडीवर सूप. उठली नाही, हातानंच बसायला सांगितलं. मी खव्याची जिलेबी नेली होती. ती तिनं कपाळाला लावून बाजूला ठेवली.

निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. आईनं प्रबंध दोन्ही हातांनी घेऊन तोलला, जसं पानांचं पुडकं तोलतात, आणि मुलीकडं दिला. “बाँच.”

मुलगी वाचायला लागली. हिंदीतलं वाचत होती आणि मधेच बुंदेलीत सांगत होती. सट्टेदाराचा हिशोब आला तेव्हा शेजारच्या दोघी आल्या. हाताला लागलेलीच असते, हे वाक्य आलं तेव्हा एक म्हणाली, हे तर मी बोलले होते. हशा झाला. मग बिडी बनवण्याच्या रीतीचं पान आलं. छान, नेटकं पान; त्या पानावर मी दोन संध्याकाळी घातल्या होत्या. पान आकारात कापून मग पाण्यात भिजवलं जातं, असं काहीसं त्यात होतं.

आईचे हात थांबले. त्या दुपारी पहिल्यांदाच.

“जो कौन ने लिखो?”

कोरडं पान कात्री लागली की तडकतं. आधी रात्रभर भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं, मग फरमा ठेवून कापायचं. सहा वर्षांच्या पोरीलासुद्धा माहीत असतं हे, ती म्हणाली. शेजारणी मुलीकडं बघायला लागल्या. एवढी शिकली, आणि घरातलं विसरली?

मुलगी गप्प होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. तिच्या हस्तलिखितात ते बरोबर असणार, याची मला आता खात्रीच होती. ‘वाक्यरचना शिथिल’ असं लिहून मीच ते घट्ट केलं होतं, आणि घट्ट करताना आधीचं नंतर झालं होतं. तिनं ते टाइप करताना पाहिलंच असणार. मैडमनी लिहिलंय म्हणून तसंच ठेवलं.

“मी,” मी म्हटलं. मराठीतच निघालं. मग हिंदीत म्हटलं, “मैंने लिखा है. गलती मेरी है.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पाण्यातून काढलेलं एक पान उचललं, फरमा ठेवला, माझ्या हातात कात्री दिली आणि म्हणाली, काटो. मी कापलं. वाकडं गेलं. तिनं ते घेतलं, बोटानं चाचपलं आणि सुपाच्या कडेला बाजूला टाकलं.

मुलीनं केसांत खोचलेली पेन्सिल काढली होती, आणि त्या छापलेल्या, बांधलेल्या पानाच्या समासात काहीतरी लिहीत होती.